नॅव्हिगेटरची खुर्ची

सोळा डिसेंबरच्या सकाळी अनिरुद्ध सोनटक्के यांनी तीन शर्ट बदलले आणि शेवटी पहिलाच घातला. चहाचा कप ओट्यावर तसाच निवत राहिला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे शोभत नाही, असं त्यांनी आरशातल्या माणसाला दोनदा बजावलं. त्याला ते पटलेलं दिसत नव्हतं.

सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात झालेली. कुणी मोठ्यानं बोललं तर ते तोंड उघडत नसत, भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवत. स्वतःच्या निरोप समारंभातही त्यांनी हात जोडले होते आणि खाली बसले होते. आणि आज विमाननगरातल्या अख्ख्या नंदनबाग सोसायटीसमोर, व्यासपीठावर, माईकपुढे बसायचं होतं. बरं, हे कुणी त्यांच्या गळ्यात मारलेलं नव्हतं. सगळी करणी त्यांचीच.

झालं होतं असं. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष वैजनाथ कडू यांनी विचारलं होतं, यंदा विजय दिनाला काय करायचं? नेहमीप्रमाणे सगळ्यांनी मोबाइल काढले. आणि मागच्या रांगेतून अनिरुद्धांचा हात वर गेला. तो आपलाच हात आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

“आपल्या बी विंगमध्ये ग्रुप कॅप्टन हिंमतराव गावंडे राहतात,” ते म्हणाले. “एकाहत्तरच्या लढाईत ते बॉम्बफेकी विमान चालवत होते. कॅनबेरा. पाकिस्तानात पाडलं गेलं. वर्षभर युद्धकैदी होते. आपण त्यांना कधी साधं फूलही दिलेलं नाही.”

“गावंडे?” कुणीतरी म्हणालं. “ते पार्किंगवरून भांडणारे?”

“पार्किंगची जागा त्यांचीच आहे,” अनिरुद्ध म्हणाले आणि खाली बसले. कान तापले होते.

ठराव एकमतानं झाला. वैजनाथरावांना तर स्फुरणच चढलं. फ्लेक्स, तुतारी, ढोलताशा पथक, पुणेरी पगडी, मानपत्र, उपमा आणि शिरा. मानपत्र ते स्वतः लिहिणार होते.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांच्या पत्नीचा फोन आला. “भाऊजी, जरा वर या. हे झोपलेत तोवर.”

अनिरुद्ध त्या घरात रोज दुपारी जायचे. हिंमतरावांची नजर अधू झाल्यापासून ते त्यांना पुस्तक वाचून दाखवत. पण सत्यशीलाबाईंनी त्या दिवशी त्यांना बैठकीत न बसवता थेट स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

“तुम्ही हे काय करून ठेवलंत?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्हाला दिसतं ना त्यांचं काय होतं ते? बोलता बोलता धागा सुटतो. मग ते भलतंच काहीतरी बोलतात. परवा मला विचारलं, ‘बाई, तुम्ही कुठल्या?’ त्यांना वाटतं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी पण तसंच दाखवते. चारशे माणसांत असं झालं, लोक हसले, तर हा माणूस पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा नाही. मी ओळखते त्यांना.”

“मी उद्याच रद्द करायला सांगतो, वहिनी.”

“ते आता कसं रद्द होणार? काल रात्री त्यांनी स्वतः बुटांना पॉलिश केलं. दिसत नसताना. कार्यक्रमाला अजून तीन आठवडे आहेत.” त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि लगेच पुणेकरीण झाल्या. “आता रडून काय उपयोग? निस्तरा तुम्हीच. त्यांच्याशेजारी तुम्ही बसायचं. एक क्षण उठायचं नाही.”

ते तीन आठवडे अनिरुद्धांना झोप नव्हती. रोज दुपारी ते लढाईची गोष्ट काढत, पण ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारलं की हिंमतराव चालू लागत आणि मध्येच अंधारात उभे राहत. कधी कैदेतून एकदम अकोल्याच्या शाळेत जात, कधी शाळेतून पेन्शनीच्या कागदांवर. काय करावं सुचेना. शेवटी एका दुपारी अनिरुद्धांनी सहज विचारलं, “विमान सुरू कसं करतात हो?”

हिंमतराव ताठ बसले. “तुम्ही वाचा, मी सांगतो.”

“काय वाचू?”

“एकेक वस्तूचं नाव घ्या. आमची तशीच रीत होती. इंद्रजीत, म्हणजे माझा नॅव्हिगेटर, एकेक नाव घ्यायचा अन् मी हात लावून उत्तर द्यायचो. उत्तर आल्याबिगर तो पुढं जात नव्हता. घ्या. दरवाजा?”

“दरवाजा?”

“बंद.”

“इंधन?”

“भरलेलं.”

असं दहा-बारा वेळा झालं आणि हिंमतराव एकदाही हरवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विमानातल्या वस्तू संपल्यावर हळूच पुढची नावं घेतली. चंद्र? धावपट्टी? आग? आणि हिंमतराव त्याच ठाम आवाजात, एकेका शब्दाला एकेक उत्तर देत, ती सगळी रात्र पार करून गेले. अख्खी गोष्ट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सत्यशीलाबाईंनीसुद्धा पहिल्यांदाच अशी सलग ऐकली. हातातली भाजीची सुरी तशीच धरून त्या दारात उभ्या होत्या.

त्याच दुपारी तो बुटाचा किस्सा कळला. त्या विमानात पायलटच्या खुर्चीला स्फोटानं बाहेर फेकण्याची सोय होती, नॅव्हिगेटरला नव्हती. तो पुढे, विमानाच्या नाकात असायचा. बाहेर पडायचं तर पायलटच्या पायाजवळून सरपटत दाराकडे यायचं आणि पॅराशूट घेऊन उडी टाकायची. म्हणून तो बाहेर पडल्याशिवाय पायलटनं निघायचं नाही. त्या रात्री पंख पेटला आणि हेडफोन मुका झाला. हिंमतराव ओरडत राहिले, ‘नॅव्हिगेटर?’ उत्तर नाही. विमान हातात मावेना, तरी ते बसून राहिले. आणि मग उजव्या बुटावर तीन ठोसे बसले. धप, धप, धप.

“म्हणजे?” अनिरुद्धांनी श्वास रोखून विचारलं होतं.

“म्हणजे, मी निघालो, आता तू ये,” हिंमतराव म्हणाले. “त्याच्याहून गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.”

इंद्रजीतही वाचला, दोघंही पकडले गेले आणि बरोबरच परत आले. सहा वर्षांपूर्वी तो डेहराडूनला वारला.

साडेनऊला अनिरुद्ध खाली उतरले. हवेत चांगलाच गारठा होता. कानटोप्या, स्वेटर, पैठण्या, सगळं एकदम मैदानात उतरलं होतं. फाटकावर वैजनाथरावांनी पाटी लावली होती: ‘कार्यक्रम ठीक दहा वाजता सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांनी थेट उपम्याला यावे व उपमा गार असल्यास तक्रार करू नये.’ त्यामुळे पावणेदहालाच एकही खुर्ची शिल्लक नव्हती.

व्यासपीठामागे प्रचंड फ्लेक्स. हिंमतरावांचा फोटो लहान, वैजनाथरावांचा जरा मोठा आणि दोघांच्या मधून आग ओकत वर जाणारं एक चकचकीत लढाऊ विमान.

सत्यशीलाबाईंचा हात धरून हिंमतराव आले. निळा कोट, छातीवर पदकं, पायांत काचेसारखे चमकणारे काळे बूट. फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी डोळे बारीक केले.

“कडूसाहेब, हे कोणाचं विमान?”

“आपलंच, सर!”

“मी रिटायर झालो तेव्हा हे जन्माले आलं नव्हतं. असू द्या. दिसायले बरं आहे.”

मग खुर्चीवरून घोळ झाला. लग्नातल्या नवरदेवाची असते तशी लाल मखमली, सोनेरी हातांची खुर्ची वैजनाथरावांनी मधोमध मांडली होती. एकच. हिंमतराव पायरीवरच थांबले.

“दुसरी कुठं आहे?”

“दुसरी कशाला, सर? सत्कार आपला आहे.”

“मी एकटा कधी वर गेलो नाही. आज काऊन जाऊ? नॅव्हिगेटरची खुर्ची मांडा. उजव्या हाताले. अन् खाली. तो खालीच बसत होता.”

वैजनाथरावांचा चेहरा पडला. “खाली बसवायचं? बरं दिसणार नाही हो.”

“दिसण्यासाठी नाही,” हिंमतराव म्हणाले. “ऐकू यायले.”

सूत्रसंचालन करणारी मैत्री, सोसायटीची सेक्रेटरी, हिंजवडीला एका आयटी कंपनीत होती. ती धावत जाऊन पहारेकऱ्याच्या खोलीतलं बुटकं स्टूल घेऊन आली. जाता जाता अनिरुद्धांच्या कानाशी म्हणाली, “काका, चिल. बेस्ट होणार आहे. पण तुम्ही श्वास घ्या ना प्लीज.”

अनिरुद्ध त्या स्टुलावर बसले. समोर चारशे डोकी. खाली पहिल्या रांगेत सत्यशीलाबाई, मांडीवर हातरुमालाची घट्ट गुंडाळी. अनिरुद्धांना एकदम आपले वडील आठवले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला, वस्तीत सगळे त्यांना कचरूदादा म्हणत. एकाहत्तरच्या त्या डिसेंबरात क्वार्टरच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले, वडील दुसऱ्या पाळीला गेलेले आणि वीस वर्षांचे अनिरुद्ध अंधारात उभे राहून विमानांचा आवाज ऐकत होते. आत कोण बसलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं. आज त्याच माणसाच्या बुटाशी ते बसले होते. छाती धडधडायला लागली, पण आता ती नुसती भीती राहिली नव्हती.

तुतारी वाजली. ढोलताशा सत्यशीलाबाईंनी आधीच रद्द करवला होता. पाच जणींनी औक्षण केलं. शाल, श्रीफळ झालं. वैजनाथरावांनी पुणेरी पगडी हिंमतरावांच्या डोक्यावर ठेवली. ती एक बोट सैल होती. मग ते बोलायला उभे राहिले आणि थांबेनात. पाचव्या मिनिटाला मागून एक शांत आवाज आला, “कडू, कैदेत कोण होतं? आम्ही की ते?” टाळ्यांचा कडकडाट झाला आणि वैजनाथराव बसले.

“आता,” मैत्री म्हणाली, “थेट गावंडे सरांकडून. आणि त्यांचे नॅव्हिगेटर, सोनटक्के काका.”

हिंमतरावांनी मान किंचित उजवीकडे वळवली.

“नॅव्हिगेटर?”

“तयार,” अनिरुद्ध म्हणाले. माईकलासुद्धा ऐकू गेलं नाही.

“तुम्ही थरथर कापून राहिले, सोनटक्के. विमान मी चालवून राहिलो ना? नॅव्हिगेटर?”

“तयार!” हा आवाज कुणाचा, म्हणून अनिरुद्धच दचकले.

“मग वाचा.”

“दरवाजा?”

“बंद.”

“ऑक्सिजन?”

“सुरू.”

“इंधन?”

“जाऊन यायपुरतं. हिंडायपुरतं नाही.”

लोक हसले. हिंमतरावांचे हात आपोआप हलू लागले होते. समोर हवेत काही ओढत होते, काही दाबत होते, आणि मुलं मान उंचावून त्या हातांकडे बघत होती.

“डावं इंजिन?”

“सुरू.”

“उजवं?”

“सुरू. चला.”

“चंद्र?”

“होता. आम्हाले वाट दाखवत होता, अन् त्यांना आम्हाले दाखवत होता.”

“उंची?”

“खालच्या गावातली कुत्री भुंकली असती तर ऐकू आली असती.”

“धावपट्टी?”

“समोर. सरळ. इंद्रजीत नाकात पालथा पडलेला. डावीकडे, डावीकडे… स्थिर…”

“बॉम्ब?” अनिरुद्ध जवळजवळ ओरडले.

“गेले!”

मुलांनी टाळ्या पिटल्या. एका आजोबांनी काठी आपटली. अनिरुद्धांना वाटलं, आपण खरोखरच जमिनीवरून उचलले गेलो आहोत.

“आग?”

“उजव्या पंखाले…”

आणि लोहगावच्या धावपट्टीवरून वायुसेनेच्या दोन विमानांनी एकापाठोपाठ झेप घेतली.

विमाननगरात राहणाऱ्यांना एक सवय जडलेली असते. विमान वर आलं की माणूस बोलता बोलता थांबतो, तोंड अर्धवट उघडं ठेवून, आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतो. फोनवरची भांडणंसुद्धा अशीच चालतात. तसे चारशे लोक थांबले. टाळ्या थांबल्या, कुजबुज थांबली, कुणाची तरी शिंकही थांबल्यासारखी वाटली. खुर्च्यांचे पाय थरथरले. हिंमतरावांनी मान वर करून त्या आवाजाचा माग काढला, डावीकडून उजवीकडे, शेवटपर्यंत.

आवाज गेला. सगळं पुन्हा सुरू झालं. हिंमतराव सुरू झाले नाहीत.

“आग?” अनिरुद्धांनी पुन्हा म्हटलं.

हिंमतरावांचे हात मांडीवर पडले होते. ते समोर बघत होते, पण नजर कशावरच नव्हती. मग अतिशय सभ्यपणे, घरी पाहुणे आल्यासारखे ते म्हणाले, “ह्या मंडळींना चहा दिला का?”

दोघं-तिघं हसले. विनोदच वाटला त्यांना. पण सत्यशीलाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“आग, सर,” अनिरुद्ध म्हणाले. “उजव्या पंखाला आग.”

“कोणाच्या घरी?” हिंमतरावांनी विचारलं.

आता कुणी हसलं नाही. वैजनाथराव मानपत्राची फ्रेम छातीशी धरून पुढे सरकू लागले. त्यांनी ते वाचायला सुरुवात केली की संपलंच सगळं. मीच हे केलं, मीच हात वर केला, त्यांच्या मनात नुसता गलका उठला. पुढचा शब्द घ्यावा तर उत्तर आल्याबिगर पुढे जायचं नाही ही रीत. आणि शब्द तर त्यांना ऐकूच येत नाहीयेत.

शब्द ऐकू येत नाहीयेत!

अनिरुद्ध स्टुलावरून खाली वाकले. डोळ्यांसमोर तो काळा बूट लखलखत होता. त्यांनी मूठ वळली आणि सगळ्या सोसायटीदेखत त्यावर हाणली. धप, धप, धप.

बूट झटक्यात मागे ओढला गेला. हिंमतरावांची पाठ ताठ झाली.

“गेला!” ते गरजले. “इंद्रजीत बाहेर गेला! आता मी!”

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, विमानात खुर्ची बाहेर फेकणाऱ्या हँडलवर नेतात तसेच, आणि सगळ्या ताकदीनं खाली ओढले. हातात आली पगडी. ती नाकापर्यंत खाली आली आणि हिंमतराव क्षणभर पगडीतच गडप झाले. मैदानातून एकदम “हो!” असा आवाज उठला. मग हसू फुटलं, मग टाळ्या, आणि पगडीतून आतला आवाज सांगतच होता, “अन् वर फेकला गेलो! वर, वर, अन् मग एकदम सगळं चूप!”

सत्यशीलाबाई मटकन खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“जमीन?” अनिरुद्धांचा आवाज आता मोकळा सुटला होता.

“उसाचं शेत. ऊस चावला मले सगळीकडून.”

“कैद?”

“वर्षभर.”

“मिरची?”

“हां! जेवण इतकं मिळमिळीत की रडू येई. मी म्हटलं, मले हिरव्या मिरच्या अन् एक दगड द्या. आमच्याकडचा ठेचा केला. पहारेकऱ्यानं एक बोट चाटलं अन् बंदूक माझ्याच हातात देऊन पाणी शोधत पळाला. मी बंदूक धरून उभा. मग त्याले म्हटलं, बाबा, ही घे तुझी, नाहीतर दोघांवर खटला होईल.”

लोक पोट धरून हसत होते. अनिरुद्धांनी हसू ओसरू दिलं. घाई नव्हती आता.

“भिंत?”

हिंमतराव जरा थांबले. अनिरुद्धांचा हात बुटाकडे गेला, पण गरज नव्हती.

“पलीकडच्या कोठडीत इंद्रजीत. बोलायची बंदी. मग रोज भिंतीवर तीन ठोके. त्याचे तीन, माझे तीन. म्हणजे, मी आहे. बस. त्याच्यावर वर्ष काढलं.”

अनिरुद्धांनी पुढचं नाव घेतलं.

“परत?”

“लोहगाव. प्रवासी म्हणून बसवून आणलं. दुसऱ्याच्या हातात विमान! एवढी भीती मले कैदेतही वाटली नव्हती. खाली शीला उभी. इतकी वाळलेली की मी ओळखलंच नाही.”

“आणि तुम्ही काय बाळसं धरून आला होतात?” पहिल्या रांगेतून उत्तर आलं.

यावर जो हशा झाला तो बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

“इंजिन?” अनिरुद्धांनी शेवटचं नाव घेतलं.

“बंद,” हिंमतराव म्हणाले. “दोन्ही बंद. सुखरूप.”

सगळे उठून उभे राहिले. वैजनाथराव फ्रेम घेऊन माईककडे धावले, “मानपत्र वाचायचं राहिलंय!” आणि मागचा तोच शांत आवाज म्हणाला, “घरी नेऊन वाचतील. अक्षर मोठं आहे ना?”

व्यासपीठावरून उतरताना हिंमतरावांनी अनिरुद्धांचा दंड धरला. मंडपात उपम्याचा वास सुटला होता, मुलं भोवती पदकं बघायला झोंबत होती.

“सोनटक्के,” ते खाली वाकून म्हणाले, “मधे माझं हरवलं होतं. नाही?”

अनिरुद्धांना खोटं बोलता येत नसे. “थोडं. पण लोकांच्या फार ध्यानात आलं नाही.”

“शीलाच्या?”

अनिरुद्धांनी त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

“तिले सांगू नका की मले माहीत आहे,” हिंमतराव म्हणाले. “तिले वाटते, मले काही समजत नाही. त्याच्यानं तिले जरा धीर राहते.”

पलीकडून सत्यशीलाबाई दोन बश्या घेऊन येत होत्या. अनिरुद्धांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे. आपल्याकडे आता दोघांचीही एकेक गोष्ट सांभाळायला आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात मैत्री धापा टाकत आली. “सर! काका! आपल्या मागच्या गल्लीतल्या शाळेच्या मॅडम आल्या होत्या, त्या म्हणतायत, सेम टू सेम आमच्या मुलांसमोर कराल का? शुक्रवारी. दीड हजार मुलं आहेत!”

“दीड हजार?” सत्यशीलाबाईंनी अनिरुद्धांकडे पाहिलं. रागानं नव्हे. विचारत होत्या.

हिंमतरावांनी उजवा बूट जरा पुढे सरकवला आणि अनिरुद्धांच्या चपलेवर टोकानं हळूच तीनदा ठोकलं.

“नॅव्हिगेटर?”

अनिरुद्धांच्या तोंडात उपम्याचा घास होता. तो गिळायलाही ते थांबले नाहीत.

“तयार!”